आपल्याच दारावरची पाटी

४ जानेवारी

भावजींनी आज पेटीवाल्याला थेट कारखान्यात आणून उभं केलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. ‘वहिनी, जरा बघा तरी,’ म्हणे. बघायला मी काय मुलगी दाखवायला बसले आहे?

आमचा कारखाना म्हणजे पुढे एक लांबट खोली, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये विजेच्या दोन भट्ट्या. मोठी चालू, छोटी कधीची बंद. आम्ही दारावर लावायच्या चिनी मातीच्या पाट्या भाजतो. घरांचे नंबर, आडनावं, ‘घंटा एकदाच वाजवा’, ‘कुत्रा शहाणा आहे, तुम्हीही व्हा’. हे होते तोवर भट्टीपाशी खुर्ची टाकून रात्र रात्र तेच बसायचे. ते गेल्यावर बसायला कुणी उरलं नाही, म्हणून मी रद्दीतल्या एका पुस्तकावरून सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि भट्टी सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. कधी तापवायचं, कुठे थांबायचं, किती सावकाश निववायचं, सगळं तोच बघतो. बायका साठीत स्वेटर विणतात, मी सेमीकोलन शिकले.

पेटीवाल्यानं भट्टी आपोआप चालवणारी आपली चकचकीत पेटी टेबलावर ठेवली. ‘आजी, बटण दाबायचं आणि विसरून जायचं.’

मी म्हटलं, ‘विसरायचंच होतं तर शिकले कशाला असते?’

माणूस हसरा आहे. पण हसऱ्या माणसाच्या मागे भावजी उभे होते आणि ते हसत नव्हते. ‘वहिनी, तुमच्या प्रोग्राममध्ये उद्या काही बिघडलं तर त्यातलं तुमच्याशिवाय कुणाला काही कळतं का? कॉलनीच्या पाट्यांचं मोठं काम आलंय. त्या पाट्यांची भट्टी नीट भाजून उतरली तर तुमचा प्रोग्राम राहील. नाही उतरली तर पेटी बसेल. मग माझ्यावर रुसू नका.’

‘रुसायला मी नवी नवरी नाही. ठरलं.’

सूनबाई इतका वेळ कोपऱ्यात पाट्या पुसत होती. ती मध्येच म्हणाली, ‘प्रोग्रामच राहू दे, काका. पण आई, त्याचे तुकडे करायला हवेत. सगळं एकाच फाइलीत आहे. तुम्ही तिच्यात असलात की मला हात घालता येत नाही.’

एवढी वर्षं सगळं एका फाइलीत सुखानं नांदतंय. पहिली वेगळी चूल मागितली कुणी, तर सुनेनं! घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

६ जानेवारी

तिनं कॉलेजात दोन वर्षं सी केलंय. लग्नानंतर बासनात गेलं. आज ते बासन सोडून बसली.

तिचं म्हणणं असं. भट्टीचं तापमान वाचण्याची सगळी कामं एका फाइलीत जावीत, भट्टी चालवण्याची दुसऱ्या फाइलीत. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं काम, नावानं हाक मारली की ते होतं. पण एका फाइलीतल्या फंक्शनला दुसऱ्या फाइलीतून हाक मारायची तर आधी तिथे जाहीर करावं लागतं, की बाबा, या नावाचं फंक्शन कुठेतरी आहे, त्याला हे द्यायचं आणि ते हे परत देतं. ही ओळ म्हणजे डिक्लरेशन. ती एका तिसऱ्या छोट्या फाइलीत लिहायची, तिला हेडर म्हणतात, आणि ज्याला गरज असेल त्यानं तो हेडर आपल्या फाइलीच्या डोक्यावर मागवून घ्यायचा.

‘आपल्या पाट्यांसारखंच आहे, आई. आत कोण कसं राहतं ते पाटीवर नसतं. हाक काय मारायची, तेवढंच असतं.’

पटलं. पण पटलं असं तोंडावर कशाला म्हणायचं? लगेच डोक्यावर बसतात.

‘आणि हेडर दोन्ही फाइलींनी घ्यायचा,’ ती म्हणाली. ‘तापमानाच्या फाइलीनंसुद्धा.’

‘का? आपल्याच दारावरची पाटी आपण कशाला वाचायची?’

‘वाचावी, आई. कधीकधी.’

हे ‘कधीकधी’ तिनं ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला काही आवडला नाही. एका ओळीसाठी तिसरी फाइल! नाकापेक्षा मोती जड. मी फाइली दोन केल्या, तेवढं ऐकलं. हेडर मात्र केला नाही. भट्टीच्या फाइलीत वरती हातानं ओळ लिहून टाकली: तापमान नावाचं फंक्शन आहे, पूर्ण आकडा देतं. कंपायलरनं, म्हणजे फाइल वाचून यंत्राच्या भाषेत करणाऱ्यानं, हूं की चूं केलं नाही. भट्टी पूर्वीसारखी चालली. झालं की काम.

९ जानेवारी

चिरंजीव मागच्या बंद भट्टीची टेपनं मापं घेत होते. उंची, रुंदी, दाराची फळी.

‘काय रे?’

‘काही नाही गं, रंगवावी म्हणतो.’

बंद भट्टीला रंग! लबाड बोलला की याचे कान लाल होतात, अगदी ह्यांच्यासारखे. पेटीवाल्याची पेटी आली की छोटी भट्टी भंगारात काढायची, असं काकांशी ठरलेलं दिसतंय. चुलते-पुतणे एक झालेत.

११ जानेवारी

आज सूनबाईनं विचारलं, ‘आई, तापमापक दुसरा लावला तर आकडे कुठे बदलायचे?’

भट्टीत खुपसलेला प्रत्येक तापमापक थोडं खोटं बोलतो. कुणी चार अंश पुढे, कुणी मागे. आमच्या तापमापकाची खोड मी वर्षानुवर्षं ओळखून आहे आणि ती दुरुस्त करणारं एक छोटं फंक्शन तापमानाच्या फाइलीत आहे. ही बाई त्यालाच थेट हाक मारायला निघालेली.

दुसरा तापमापक कशाला हवाय हिला? पेटीबरोबर नवा तापमापक येतो, तो पेटीवाला सांगत नव्हता का! ताकाला जाऊन भांडं लपवते.

मी त्या फंक्शनच्या पुढे स्टॅटिक शब्द लिहिला. तो लिहिला की फंक्शन आपल्या फाइलीतच राहतं, बाहेरच्याला दिसत नाही. दुपारी तिनं सगळं जोडायला घेतलं आणि लिंकरनं, म्हणजे तुकडे जोडणाऱ्यानं, तिला परत पाठवलं. या नावाचं कुणी सापडलं नाही म्हणाला.

माझ्या दारात येऊन उभी राहिली. ‘आई, आतून कडी लावलीत?’

‘लावली.’

‘बरं. मग मी बाहेर बसते.’

आणि खरंच लॅपटॉप घेऊन उंबऱ्याबाहेर खोक्यावर बसली. येणारे-जाणारे विचारायचे, ‘काय हो, बाहेर का?’ ही म्हणायची, ‘आत सासूबाई स्टॅटिक आहेत.’ मला हसू फुटलं. ते गिळलं. कडी काढली नाही.

बसली होती ते खोकं मात्र नवंकोरं होतं. एवढी मोठी खोकी पाट्यांना लागत नाहीत. कुणी मागवली कोण जाणे.

१५ जानेवारी

कॉलनीच्या पाट्यांना निळं ग्लेझ द्यायचंय, वरचा काचेसारखा लेप. हा निळा भारी लाडावलेला. चार अंश इकडेतिकडे झाले की रुसतो. म्हणून आज तापमानाचं फंक्शन सुधारलं. आधी ते पूर्ण आकडा द्यायचं, आता दशांशासकट देतं. छोटा चाचणीचा प्रोग्राम लिहून पाहिलं, अगदी मोत्यासारखे आकडे आले. मग सगळं पुन्हा कंपाइल केलं, जोडलं. एकही तक्रार नाही.

चिरंजीव चहा घेऊन आला होता. म्हणाला, ‘आई, भट्टी तुला एकटीला भरता येईल का गं?’

‘तुझ्यासारखे चार आत भरून वर दार लावीन.’

कान लाल.

१७ जानेवारी

सकाळी कडाक्याची थंडी. शाल पांघरून भट्टी सुरू केली. स्क्रीनवर तापमान आलं: बारा. बोटं गारठलेली, नाकाचा शेंडा गार, बाराच असणार. भावजी आले. पेटीवालाही आला. मी म्हटलं, ‘बघा डोळे भरून.’

अर्ध्या सकाळीही स्क्रीनवर बाराच. पेटीवाल्यानं नुसतं बोट दाखवलं. मी म्हटलं, ‘मोठं घर आहे, तापायला वेळ लागतो.’ कॉइल तर लालबुंद दिसत होत्या! पण माझा माझ्या आकड्यावर विश्वास. भावजी घड्याळ बघत होते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

दुपारी सूनबाईची किंकाळी आली. शेडमध्ये भट्टीच्या अंगावर ह्यांच्या वेळचा काट्याचा जुना मीटर आहे, त्याचा काटा लाल रेघ ओलांडून पार पलीकडे गेलेला. तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. आता भट्टी निवेपर्यंत दार उघडायचं नाही. काय उरलंय ते उद्या दिसेल.

जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी

निळा वाहून गेलाय. पाट्यांवरून खाली फळ्यांवर, फळ्यांवरून तळाला. सातचा एक झालाय, आठचा नुसता डाग. दोन-दोन पाट्या एकमेकींना अशा चिकटल्यात की जत्रेत हरवलेल्या बहिणी भेटाव्यात. सगळ्या कॉलनीत आता कुणाचं घर कुठलं ते ओळखायचं कसं?

मी सुनेवर तोंड सोडलं. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ‘एका फाइलीत होतं तोवर कधी असं झालं? तुकडे करायला कुणी लावले?’

ती मान खाली घालून चिकटलेल्या पाट्या सोडवत राहिली. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

भावजी म्हणाले, ‘वहिनी, संपलं. सोमवारी पेटी बसवतो.’

‘पेटी आणा. पण बसवायच्या आधी एक भट्टी माझी.’

‘हा काय हट्ट!’

‘हट्टच आहे. तुमच्या भावाशी लग्न हट्टानं केलं, हा कारखाना हट्टानं ठेवला, सी हट्टानं शिकले. आता ऐन वेळी शहाणपण कुठून आणू? पाट्या मी पुन्हा लिहीन, मी रंगवीन, तुमच्या माणसांना हात लावू देणार नाही.’

भावजी काही बोलणार तोच सूनबाई आडवी आली. ‘त्यांना एक भट्टी द्या, काका. नाही दिलीत तर पेटी बसवायला आलेल्या माणसाला मी शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही.’

भावजी गेले. मी तिच्याकडे बघत राहिले. ही पेटीच्या बाजूची आहे, तर पेटीवर का उठली?

१९ जानेवारी

दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून ओळीओळीनं वाचल्या. भट्टीच्या फाइलीच्या अगदी डोक्यावर, माझ्याच हातची ओळ: तापमान, पूर्ण आकडा देतं. आणि शेजारी तापमानाच्या फाइलीत फंक्शन देतंय दशांश.

देणाऱ्यानं एका हातानं द्यावं आणि घेणाऱ्यानं दुसऱ्याच हाताची मूठ उघडून बघावी, तसं झालं. त्या मुठीत जो कचरा पडलेला होता तो बारा. थंडीबिंडी काही नाही! भट्टीला वाटलं, अजून गारच आहे, तापव बाई तापव.

आणि कुणी तक्रार कशी केली नाही? तर कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो, शेजारच्या घरात डोकावत नाही. त्याला माझ्या ओळीनं जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं. लिंकर फक्त नाव बघतो. नाव जुळलं की गाठ मारून मोकळा. पत्रिका बघत नाही, घर बघत नाही.

सूनबाईला बोलावलं. म्हटलं, ‘चूक माझ्या ओळीत आहे.’

‘हं.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘काल दुपारी सापडलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही आतून कडी लावली होती ना.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही तेवढी ओळ दुरुस्त केली असती, आई. पाटी केली नसती.’

अगदी खरं. एवढं खरं माणसानं सासूला सांगू नये.

दोघींनी बसून हेडर केला. तापमानाचं डिक्लरेशन तिथे, एकाच जागी. माझी हातची ओळ पुसली. भट्टीच्या फाइलीनं हेडर घेतला, तापमानाच्या फाइलीनंही घेतला. मग मी मुद्दाम खोडी काढली. हेडरमध्ये ‘पूर्ण आकडा’ लिहिलं आणि फंक्शन दशांशाचंच ठेवलं. कंपायलर असा भडकला म्हणता! पाटीवर एक आणि घरात दुसरंच, हे चालायचं नाही म्हणाला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. इतके दिवस मुकाट बसणारा हाच का तो? त्याला वाचायला कुणी काही दिलंच नव्हतं.

खोडी निस्तरली, सगळं नीट केलं. सूनबाईनं न सांगता चहा टाकला.

२५ जानेवारी

भट्टी उतरली.

दार उघडलं तेव्हा भावजी मागे हात बांधून उभे होते. मी पहिली पाटी काढून त्यांच्या हातात दिली. निळा असा बसलाय की बोट फिरवावं. त्यांनी फिरवलंही. मग म्हणाले, ‘दादा असता तर पेढे मागितले असते.’

‘तुम्हीही मागा. पण पेटी आधी उचला.’

पेटीवाला आपली पेटी उचलायला आला आणि जाताना घुटमळला. ‘आजी, माझ्याही दाराला एक पाटी कराल?’ माणूस वाईट नव्हताच. त्याला ‘बटण दाबा, विसरून जाऊ नका’ अशी पाटी करून देणार आहे.

२७ जानेवारी

आज दोघं माझ्यासमोर येऊन बसली. चिरंजीवांचे कान लाल नव्हते. त्याचीच मला भीती वाटली.

‘आई, आम्ही जातोय. छोटी भट्टी घेऊन. हिच्या माहेरच्या गावी हिच्या वडिलांची शेड रिकामी आहे. तिकडेही पाट्या लागतात.’

मापं, खोकी, दुसरा तापमापक. मी सगळं बघत होते आणि काहीच बघत नव्हते.

‘म्हणजे मला सोडून जाणार, ते माझाच प्रोग्राम घेऊन?’

सूनबाई म्हणाली, ‘पेटी बसली असती तर तुमचा प्रोग्राम कायमचा बंद पडला असता आणि तुम्ही रागानं त्याला पुन्हा हात लावला नसता, आई. मग तिकडे मी भट्टी कशावर चालवणार होते? एका फाइलीत सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं, त्यातलं मला काय नेता आलं असतं?’

‘हे आधी सांगायला तोंड नव्हतं?’

‘रोज यायचे सांगायला. तुम्ही रोज भांडायला तयार असायचात.’

मी जेवले नाही. मग ती दोघं जेवली नाहीत. मग भात गार व्हायला लागला तेव्हा तिघं एकदम जेवलो.

जेवताना अटी घातल्या. तापमानाची फाइल माझी. हेडर माझा. भट्टी चालवण्याची फाइल तिची तिनं लिहावी, तिकडची वीज वेगळी, शेड वेगळी. पण पाटीत काही बदलायचं असेल तर मला विचारायचं.

‘आणि तुम्ही बदललंत तर?’ ती म्हणाली.

‘तर तुला कंपायलर सांगेल. मी कशाला सांगू?’

३ फेब्रुवारी

छोटी भट्टी आज ट्रकवर चढली. शेडमध्ये माणसांना वावरता यावं म्हणून मोठी भट्टी बंदच ठेवली होती. चार माणसं, दोर, ‘हळू, हळू’चा गजर. सूनबाईनं वाकून नमस्कार केला, मी म्हटलं, ‘पुरे, कंबर मोडेल, अजून भट्टी उतरवायची आहे.’ काट्याचा जुना मीटर मी चिरंजीवाच्या हातात दिला. ‘स्क्रीन बघच, पण हाही बघ.’

दिवसभर भट्टीच्या झळीनं डोळे चुरचुरताहेत.

११ फेब्रुवारी

भावजी दुपारी येऊन बसतात हल्ली. काम काही नसतं. ‘वहिनी, हे हेडर म्हणजे नक्की काय हो?’ म्हणून विचारतात. कालही विचारलं होतं. मी पुन्हा सांगते.

२२ फेब्रुवारी

चार दिवस तापमानाच्या फाइलीत होते. प्रत्येक तापमापकाची खोड वेगळी, मग तिकडच्या खोट्याला इकडची दुरुस्ती कशी चालेल? खोडी दुरुस्त करणारं फंक्शन अजून स्टॅटिकच आहे, ती कडी मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पण तापमान विचारणाऱ्यानं आता आधी एक सांगायचं. आधी पाटी बदलली, मग आत बदललं, मग फाइली तिकडे पाठवल्या. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

आज सकाळी फोन.

‘आई, कंपायलर भांडतोय! तापमान विचारलं की म्हणतो, काहीतरी कमी दिलंय. तुम्ही काही बदललंत का?’

‘पाटी वाच.’

‘तापमान’ या नावापुढच्या कंसात, म्हणजे त्याला काय द्यायचं त्या जागी, मी जे नाव लिहिलंय ते ती वाचत असणार: कोणती भट्टी.

मग खाकरली. ‘काय नंबर देऊ, आई?’

‘एक माझी. दोन तुझी.’

‘पण तुम्ही तर तीनपर्यंत जागा ठेवलीय. तिसरी कुणाची?’

‘मागची शेड रिकामी झालीय. तिथे काय भावजींना खुर्ची टाकून देऊ? तिसरीही माझीच.’

ती हसायला लागली, मागून चिरंजीवांचाही आवाज आला, ‘आई, अगं या वयात?’ मी फोन ठेवला.

आता उठते. शेडचं माप घ्यायचंय, आणि या पोरानं टेप कुठे ठेवलाय कोण जाणे.